‘वन्स’ : शोक, एकल मातृत्व आणि अपूर्ण प्रेमकथेची रचना

प्रस्तावना

प्रेमकथा हा कथनप्रकार लोकप्रिय असल्यामुळेच अभ्यासकांकडून काहीसा उपेक्षित राहिलेला आहे. दोन दुःखी जीव एकत्र येतात, अडथळे पार करतात आणि अखेरीस त्यांचे मीलन होते, असा या प्रकाराचा रूढ साचा आहे. दुःखाचा परिहार प्रेमाने होतो, हे त्यामागील गृहीतक होय. या गृहीतकाची तपासणी करणारी एक महत्त्वाची कलाकृती म्हणून जॉन कार्नी दिग्दर्शित ‘वन्स’ (२००७) या आयरिश चित्रपटाकडे पाहता येते. विरहाने खचलेला संगीतकार आणि परदेशात मूल वाढवणारी एकटी माता यांची ही कथा आहे. शोक, अर्थार्जन आणि जबाबदारी यांचा परस्परसंबंध या चित्रपटात कसा उलगडतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

‘वन्स’चे चित्रीकरण अवघ्या १७ दिवसांत, सुमारे दीड लाख डॉलर इतक्या अल्प खर्चात झाले. प्रमुख भूमिकांत व्यावसायिक नट नसून ग्लेन हॅन्सर्ड आणि मार्केटा इर्ग्लोव्हा हे दोन संगीतकार आहेत. हॅन्सर्ड यांनी किशोरवयातच शाळा सोडून डब्लिनच्या रस्त्यांवर गायनास प्रारंभ केला होता. कार्नी हे स्वतः एकेकाळी हॅन्सर्ड यांच्या ‘द फ्रेम्स’ या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवीत असत. त्यामुळे रस्त्यावरील गायकाचे जीवन येथे बाहेरून निरीक्षिलेले नाही, तर आतून जाणलेले आहे. २००७ साली सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला जागतिक विभागातील प्रेक्षक पुरस्कार मिळाला, तर २००८ साली त्यातील ‘फॉलिंग स्लोली’ हे गीत सर्वोत्कृष्ट मूळ गीताच्या ऑस्करचे मानकरी ठरले. पुढे २०१२ साली ब्रॉडवेवर आलेल्या त्याच्या संगीत नाट्यरूपाने आठ टोनी पुरस्कार मिळवले.

सामाजिक संदर्भही ध्यानात घ्यावयास हवा. १ मे २००४ रोजी चेक प्रजासत्ताकासह दहा देश युरोपीय संघात सामील झाले. त्या वेळी जुन्या सदस्य राष्ट्रांपैकी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच नव्या देशांतील कामगारांना आपली श्रमबाजारपेठ तत्काळ खुली केली. दीर्घकाळ स्थलांतरितांना बाहेर धाडणारा आयर्लंड आता स्थलांतरितांना सामावून घेणारा देश बनला होता. चित्रपटातील नायिका याच प्रवाहातून आलेली चेक तरुणी आहे.

शोकाचे अर्थकारण

नायक आणि नायिका यांना चित्रपटात नावे नाहीत. नायकाची आई वारलेली आहे आणि प्रेयसी त्याला सोडून लंडनला गेली आहे. तो विधुर वडिलांसमवेत राहतो व त्यांच्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करतो. दिवसा ग्राफ्टन स्ट्रीटवर तो लोकांच्या परिचयाची गाणी गातो, कारण त्यांनाच पैसे मिळतात. स्वतःची गाणी मात्र रात्री, रस्ता रिकामा झाल्यावर गातो. शोकाला बाजारात किंमत नसते, हे वास्तव दिग्दर्शक एकाही भाष्याविना या विभागणीतून सूचित करतो. नायिका ज्या रात्री थांबून ते गाणे ऐकते, त्या रात्री त्याला प्रथमच श्रोता लाभतो. तिने टाकलेले नाणे क्षुल्लक असते. तिने विचारलेला प्रश्न मात्र महत्त्वाचा असतो. हे गाणे कोणासाठी लिहिले, असे ती विचारते. अनुकंपेऐवजी जिज्ञासेतून नात्याचा आरंभ होणे, हे येथील वेगळेपण होय.

एकल मातेचा वेळ

नायिका रस्त्यावर फुले व मासिके विकते, घरांची साफसफाई करते आणि आई व लहान मुलीसह एका साध्या घरात राहते. ती उत्तम पियानो वाजवते, परंतु तिच्यापाशी पियानो नाही. वाद्यांच्या दुकानाचा मालक दुपारच्या सुटीत तिला वाजवू देतो, तेवढीच तिची संगीतसाधना. एका प्रसंगी नायकाने दिलेल्या चालीवर शब्द रचताना तिच्या यंत्रातील बॅटरी संपते. ती मुलीच्या गल्ल्यातून नाणी घेते, रात्रीच दुकान गाठते आणि परतताना रस्त्याने चालत ते गीत गाते. या दीर्घ दृश्यात गरिबीचे प्रदर्शन नाही. मूल निजल्यानंतर उरलेली थोडकी मिनिटे हीच एकट्या मातेची सर्जनाची वेळ असते, एवढेच सत्य त्यातून प्रकटते. आपल्याकडील संगीत नाटकाच्या रसिकाला येथे एक भेद जाणवेल. या चित्रपटात पात्रे संवाद थांबवून गात नाहीत. गाणे हेच त्यांचे काम असल्यामुळे प्रत्येक गीत कथेच्या व्यवहारातच घडते.

अपूर्णतेचा अर्थ

नायिकेचा पती मायदेशी आहे व ते विभक्त राहतात. अजूनही त्याच्यावर प्रेम आहे का, असे नायक चेक भाषेत विचारतो, तेव्हा ती त्याच भाषेत एक वाक्य उच्चारते. नायकाला ते समजत नाही आणि उपशीर्षकही दिलेले नाही. त्याचा अर्थ ‘माझे प्रेम तुझ्यावर आहे’ असा होतो. प्रेमाची कबुली दिली जाते, परंतु ती पोहोचत नाही. पुढे ध्वनिमुद्रण पूर्ण होते, नायक लंडनला निघतो, जाण्यापूर्वी तिच्या घरी पियानो पोहोचेल अशी व्यवस्था करतो आणि नायिका परतलेल्या पतीसमवेत संसार पुन्हा मांडू पाहते.

या शेवटावर एक गंभीर आक्षेप संभवतो. स्टुडिओच्या दराची घासाघीस करणारी, कर्जासाठी नायकासोबत बँकेत जाणारी आणि त्याला उभारी देणारी नायिकाच असते. भविष्य मात्र त्याला मिळते आणि ती घरातच राहते. पुरुषाच्या उत्कर्षासाठी स्त्री साधन ठरते, हा जुनाच साचा नव्हे काय? आक्षेप पूर्णतः फेटाळता येणार नाही. तथापि दोन बाबी विचारात घ्याव्यात. पहिली, काळोख्या स्टुडिओत ती स्वतःचे गीत वाजवू लागते व मध्येच तिला रडू कोसळते, तेव्हा तिचाही शोक नायकाच्या शोकाइतकाच खरा असल्याचे दिसते; ती केवळ सांत्वन करणारी नाही. दुसरी, अंतिम दृश्यात ती पियानोपाशी बसून खिडकीबाहेर पाहते आणि कॅमेरा दूर जातो. आता तिच्यापाशी वाद्य आहे. वेळ असेल का, या प्रश्नाचे उत्तर चित्रपट देत नाही.

निष्कर्ष

‘वन्स’मध्ये प्रेम शोकाचा अंत करीत नाही, ते शोकग्रस्तांना पुन्हा कार्यप्रवृत्त करते. जबाबदारीला येथे प्रेमातील अडथळा मानलेले नाही, तर पात्रांच्या व्यक्तित्वाचा भाग मानले आहे. म्हणूनच मीलनाचा अभाव अपयश वाटत नाही. लोकप्रिय प्रेमकथेचे अध्यापन करताना ‘ती दोघे एकत्र आली का?’ या प्रश्नाबरोबरच ‘कोणाला काय मिळाले आणि त्यासाठी वेळ कोणी दिला?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवल्यास या कथनप्रकाराचे सामाजिक आकलन अधिक सखोल होईल, असे वाटते.