ठोका आणि खर्ज

गिरण्यांच्या या गावात गोंगाट म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मागखात्यात शेजाऱ्याशी बोलायचे तर तोंड कानाला लावावे लागे. आता तोच गोंगाट डीजेच्या रूपाने मिरवणुकीत आला, असे पुष्कळ सुशिक्षित मंडळी नाक मुरडून म्हणतात. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. संगणकावर नाचाची गाणी जुळवणाऱ्या मुलांपाशी एक कसब असते आणि त्याची किंमत वॉटच्या आकड्याहून अधिक आहे. त्यास ‘साइडचेन कॉम्प्रेशन’ म्हणतात. आमचे शिक्षण शाळेपेक्षा गिरणीच्या फाटकावर अधिक झाले. तेव्हा ते कामगाराच्या भाषेतच मांडतो.

नाचाच्या गाण्यात दोन दणकट गडी असतात. एक ‘किक’, म्हणजे ढोलासारखा ठोका. दुसरा ‘बेस’, म्हणजे सतत चालणारा खर्ज. दोघांचाही जोर साधारणपणे सेकंदाला ४० ते १०० कंपनांच्या पट्ट्यात. दोघे एकदम आले की लाटांची बेरीज अॅम्प्लिफायरच्या ताकदीबाहेर जाते, लाटांचे शेंडे छाटले जातात आणि ठोक्याऐवजी नुसती घरघर ऐकू येते. नवखा ऑपरेटर मग दोन्ही बटणे वर ढकलतो. घरघर वाढते; स्पीकर जळतो.

कॉम्प्रेसर हा आवाज दाबणारा. प्रमाण ४ ला १ ठेवले, तर मर्यादेच्या वर ८ डेसिबल गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहतो. एरवी तो ज्याला दाबतो त्याचेच ऐकतो. साइडचेनमध्ये मात्र त्याचा कान किककडे आणि हात खर्जावर. ठोका पडला की खर्ज खाली बसतो, ठोका सरला की उठतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरी भजने आपल्या भागाला परकी नाहीत; शब्द आले की चांगला वादक हात हलका करतो. इथे ते काम यंत्र करते, इतकेच.

खरी मेख वेळेत आहे. मिनिटाला १२८ ठोके असतील, तर एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४६९ मिलिसेकंद मिळतात. खर्ज उठण्याचा काळ, म्हणजे ‘रिलीज’, याहून लांबला तर पुढच्या ठोक्यापर्यंत तो उभाच राहत नाही. फार आखूड ठेवला तर दाब लाटेगणिक हिंदकळतो आणि आवाज फाटतो. कारण ५० कंपनांची एक लाटच २० मिलिसेकंदांची असते. १०० ते २०० पासून आरंभ करून पुढे कानाने ठरवावे. काही जण ऐकू न येणारी किक लावतात. ती स्पीकरपर्यंत जात नाही, फक्त खर्जाला दबवते. (अशा अदृश्य मुकादमाची ओळख आम्हांस फार जुनी आहे!)

एरिक प्रिड्झच्या २००४ च्या ‘कॉल ऑन मी’मध्ये हा दाब लपवलेला नाही, गाणे श्वास घेतल्यासारखे हेलकावते. नाचाला ते शोभते. परंतु तोच दाब गायकावरही लावला, तर जयंतीच्या गाण्यातला शब्दच गिळला जातो, आणि ते आम्हांस मुळीच मान्य नाही.

खर्ज ६ डेसिबल उतरला की त्या क्षणी त्याला लागणारी शक्ती चौथाईवर येते. ही बचत आवाज आणखी चढवण्यात घालवणारेही आहेतच. कारखान्यातल्या गोंगाटाने येणारे बहिरेपण कायद्याने व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घेतले आहे. स्पीकरच्या भिंतीशी तासन्‌तास उभा राहणारा ऑपरेटर मात्र कारखान्यात नसतो. म्हणून जुळवणी करताना आवाज लहान ठेवावा. लहान आवाजातही ठोका आणि खर्ज निराळे ओळखू आले, तर मिरवणुकीत बटण वर ढकलावे लागत नाही. मिसळलेले वाटले, तर आधी रिलीज तपासावा, मग खर्जाची पट्टी.