पुरानंतर बाणगंगा ओलांडताना

ओझरकर धावपटूंनो, पावसाळ्यात शर्यतीचा मार्ग आदल्या दिवशी आणि शर्यतीच्या सकाळी, दोन्ही वेळा पायी तपासा. काळी माती बुटाला ढेकळासारखी चिकटते. बांधावरून धावताना वेग कमी ठेवा. फरशी पुलावरचं पाणी ओसरलं तरी शेवाळ आणि गाळ राहतो.

बाणगंगा नदीच्या काठी पाण्याच्या रेषेवर दगड ठेवा, पंधरा मिनिटांनी पाहा. दगड बुडाला म्हणजे पाणी चढतंय. तळ दिसत नसेल तर काठीने चाचपा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणून गुडघ्यावर वाहतं पाणी असेल तर उतरूच नका. आयोजकांनो, पर्यायी मार्ग आधीच आखून ठेवा. शर्यत पुन्हा होईल, माणूस पुन्हा मिळत नाही!