लायसनवरच्या दोन तारखा

बपेरा म्हणजे तुमसर तालुक्याचे टोक. पुढे मध्यप्रदेशची हद्द लागते. या रस्त्यावर रेतीचे टिप्पर, धानाचे ट्रॅक्टर आणि बालाघाटकडचे ट्रक दिवसरात्र धावत असतात. आमच्या भागातील कितीतरी घरांची चूल कुणाच्या तरी स्टेअरिंगवर पेटते. त्या घरांत आरसीची, विम्याची चौकशी होते. पण लायसन पेटीत रेशनकार्डाच्या खाली पडून राहते.

असेच एक लायसन घेऊन मध्यंतरी एक बाई आमच्याकडे आल्या. नवरा टिप्परवर ड्रायव्हर. मालकाने त्याला सांगितले होते, "उद्यापासून येऊ नको." बाईंचा प्रश्न साधा होता : "भाऊ, यावर तर २०३१ लिवलं हाय ना जी, मग काहून काढलं?"

२०३१ खरेच होते. पण ती तारीख 'एनटी'ची, म्हणजे मोटारसायकल, घरगुती कार अशा गाड्यांची. तिच्याच जवळ दुसरी तारीख होती 'टीआर'ची, म्हणजे ट्रान्सपोर्टची. ती उलटून १४ महिने झाले होते. मोठी तारीख पाहून घर निश्चिंत होते आणि माणूस १४ महिने बिनलायसनचा टिप्पर चालवीत होता. आम्ही कारकुनीत जन्म घालविला, तरी आम्हालाही ते दुसऱ्यांदा वाचल्यावर कळले. तेव्हा त्या माउलीला काय बोल लावायचा?

हा घोळ नीट समजण्यासाठी २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली ती पाहावी लागेल. पूर्वी मुदत संपल्यावरही लायसन ३० दिवस चालू मानले जाई. ती सवलत गेली. आता मुदत आज संपली तर उद्या सकाळी गाडीला हात लावता येत नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत करता येतो. येथेच आपले लोक फसतात. "वर्षभर चालते" असे कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगतो. ते वर्ष अर्ज करण्यासाठी आहे, गाडी चालविण्यासाठी नाही. आणि वर्ष उलटले की पुन्हा चालविण्याची परीक्षा द्यावी लागते. पूर्वी ही परीक्षा ५ वर्षांच्या दिरंगाईनंतर लागत असे.

या बाईंच्या नवऱ्याला वर्षावर दोन महिने झाले होते. तेवढ्यासाठी वीस वर्षे गाडी चालविलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला उभे राहावे लागले. परीक्षेला जड गाडी हवी. मालकाने दिली नाही, ती भाड्याने आणावी लागली. दीड महिन्याची मजुरी बुडाली ती वेगळीच. एका एजंटाने आधी साडेतीन हजार सांगितले होते. केंद्रीय नियमांप्रमाणे नूतनीकरणाची फी २०० रुपये आणि कार्डाचे २०० रुपये आहेत. उशीर झाला की फी ३०० होते आणि शिवाय वर्षाला हजार रुपये भरावे लागतात. वर्षाचा तुकडा असला तरी पुरे हजार. हिशेब असा उघड असताना कुणाला किती द्यायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

मुदती आता अशा आहेत. ट्रान्सपोर्टचे लायसन ५ वर्षांचे. पूर्वी ते ३ वर्षांचे होते. गॅस, पेट्रोल असा धोक्याचा माल नेणाऱ्यांचे ३ वर्षांचे, आणि त्यांना नूतनीकरणासाठी एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. घरगुती गाडीचे वयावर आहे. तिशीच्या आत काढले तर चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासमध्ये १० वर्षे, पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत, त्यापुढे ५-५ वर्षे. जुन्या कार्डावर छापलेली तारीख मात्र तशीच चालते. वय ४० च्या पुढे असेल किंवा लायसन ट्रान्सपोर्टचे असेल तर नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, नमुना १-अ मध्ये. डोळे आधीच तपासून घ्यावेत. चष्मा लागला म्हणून लायसन जात नाही. करोनाकाळात, १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेल्या लायसनांना जी वाढीव मुदत मिळत गेली, ती ३१ ऑक्टोबर २०२१ ला संपली. तिचे नाव सांगून आज कुणी सुटणार नाही.

दंडाचे म्हणाल तर बिनलायसन चालविणाऱ्याला ५ हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद; चालवू देणाऱ्या मालकालाही तेवढेच. म्हणून मालक घाबरतात, त्यात त्यांचे चुकते असे नाही. पण दंडापेक्षा अपघाताची गोष्ट मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात सांगितले की, लायसन नसले तरी विमा कंपनीने जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना भरपाई द्यावी आणि ती नंतर गाडीमालकाकडून वसूल करावी. स्वतःची एकच पिकअप कर्जावर घेतलेल्या आपल्या माणसाने हे वाक्य दोनदा वाचावे. मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच.

दोन गोष्टी मात्र आपल्या बाजूच्या झाल्या. ट्रान्सपोर्टच्या लायसनला आठवी पासची अट होती, ती सप्टेंबर २०१९ मध्ये काढली गेली. चौथी-सहावीत शाळा सुटलेले, पण हात साफ असलेले कितीतरी लोक यामुळे उघडपणे ड्रायव्हर होऊ शकले. दुसरी गोष्ट ६ नोव्हेंबर २०२४ ची. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरविले की, हलक्या गाडीचे लायसन असलेल्याला एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतची मालवाहू किंवा प्रवासी गाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालविता येते. त्या टिप्परवाल्याने मधल्या दीड महिन्यात थोडे दिवस एका छोट्या मालगाडीवर बदलीचे काम केले, ते याच आधारावर. टिप्परला मात्र हा निकाल लागू नाही.

अर्ज आता 'सारथी'वर मोबाईलवरून होतो. आधार जोडलेले असले आणि परीक्षा लागत नसली तर कार्यालयात जावे लागत नाही. अडते ते ओटीपीवर. दहा वर्षांपूर्वी फॉर्म भरणाऱ्याने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. तो आधी बदलून घ्यावा. लायसन नागपूरला काढलेले असले तरी नूतनीकरण भंडाऱ्याला होते. वहीचे जुने लायसन असेल तर ते संगणकावर चढले आहे का, हे तेथेच विचारावे.

त्या बाई गेल्यावर आम्ही पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर सगळ्यांना कार्ड आणायला सांगितले. अकरा कार्डे आली. चारांची टीआरची तारीख गेलेली होती. त्यातील एकाला वर्ष पुरे व्हायला १९ दिवस बाकी होते आणि त्याचा नंबर एजंटाचा निघाला. तो सोमवारी पहिल्या गाडीने भंडाऱ्याला गेला.