टेबलभर जागेत पुस्तकबांधणी

हाताने काहीतरी घडवावं ही इच्छा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पुष्कळांना असते आणि बहुतेकदा ती घराच्या मोजमापापाशी अडते. सुतारकामाची कितीही आवड असली, तरी रंध्याचा भुसा आणि हातोडीचा आवाज दोन खोल्यांत कुठे मावणार? मातीची भांडी हाताने घडवता येतील, पण ती भाजायला हजार अंशांच्या आसपास तापणारी भट्टी लागते आणि ती बाल्कनीत ठेवता येत नाही. रेझिनच्या वस्तूंची सध्या चलती आहे. पण त्याची वाफ बंद खोलीत श्वासाबरोबर आत जाते, आणि ज्या घरात तान्हं मूल किंवा दम्याचं माणूस आहे तिथे तो छंद नकोच.

म्हणून छंद निवडण्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. हे काम रात्री दहानंतर करता येईल का? जेवणाची वेळ झाली की पाच मिनिटांत टेबल मोकळं होईल का? धूळ किती, वास किती? अर्धवट राहिलेलं काम आठवडाभर कपाटात पडलं तर बिघडेल का? विणकाम, क्रोशे, भरतकाम या कसोटीला उतरतात आणि लहान घरांतूनही ते टिकून आहेत ते त्यामुळेच. त्यांच्याच पंगतीत बसणारी आणखी एक कारागिरी आहे आणि तिचा विचार आपल्याकडे फारसा कुणी करत नाही. ती म्हणजे पुस्तकबांधणी. तिला आवाज नाही, धूळ नाही, वीज लागत नाही. सगळं सामान चपलांच्या एका खोक्यात बसतं. शिवाय ती उशिरा शिकली तरी चालते. लंडनचे कॉब्डेन-सँडरसन व्यवसायाने वकील होते. चाळिशी ओलांडल्यावर ते या कामाकडे वळले आणि पुढे त्यांची गणना इंग्लंडच्या नामवंत बांधणीकारांत झाली.

सामान कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतं. 80 जीएसएमचे साधे ए4 कागद, 2 मिलिमीटर जाडीचा करडा पुठ्ठा, बोथट झालेलं पातं मोडून टाकता येईल असा कटर, स्टीलची पट्टी, बारीक टोच्या, मोठ्या नेढ्याची सुई, जाड सुती दोरा, मेणबत्तीचा तुकडा, अर्ध्या इंचाची सुती फीत आणि फेविकॉल. दोरा मेणावरून दोनदा ओढून घेतला की तो पिळत नाही, गाठी नीट बसतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागद-पुठ्ठ्याची दुकानं ओळीने आहेत. हातकागद वापरून पाहायचा असेल, तर पुण्यात शिवाजीनगरला 1940 साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे.

आता पहिली वही. तिच्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण घरी बांधलेल्या बहुतेक वह्या इथेच फसतात. यंत्रावर तयार झालेल्या कागदाला दिशा असते. लगदा चाळणीवर धावत असताना त्यातले तंतू मोठ्या प्रमाणात एकाच दिशेने पडतात. वर्तमानपत्र वरून खाली फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडायला गेलं की वेडंवाकडं जातं, ते याच कारणाने. ओल लागली की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो. पुस्तकात तंतू कण्याला समांतर असले, तर पान कण्यापासून दूर पसरायला मोकळं असतं आणि सहज उलटतं. ते आडवे असले, तर कण्यापाशी शिवून-चिकटवून धरलेल्या पानाला पसरायला जागा उरत नाही. मग पावसाळ्यात पानांना लाटा येतात आणि वही उघडी राहत नाही. मुंबई-कोकणातल्या जुलैत हे हमखास दिसतं.

बाजारात मिळणाऱ्या ए4 कागदात तंतू सहसा लांब बाजूने धावतात. तो कागद नेहमीसारखा मध्ये दुमडला, तर घडी आखूड बाजूला समांतर येते, म्हणजे नेमकी चुकीची. त्यावर सोपा उपाय आहे. आधी ए4 कागद मध्ये कापून त्याचे दोन तुकडे करायचे आणि मग प्रत्येक तुकडा दुमडायचा. आता घडी तंतूंच्या दिशेने येते आणि साधारण 10.5 बाय 14.8 सेंटिमीटरची, खिशात मावणारी वही होते. शंका असेल तर कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करून पाहा. त्याची सुरळी होते, आणि सुरळीची लांबी ज्या दिशेने असते तीच तंतूंची दिशा. पुठ्ठ्यालाही हीच दिशा असते. तो दोन्ही अंगांनी हलकेच वाकवून पाहायचा. जिकडे कमी जोर लागतो, ती घडी तंतूंना समांतर.

16 कागद कापून 32 तुकडे करा. चार-चार तुकडे एकत्र दुमडले की आठ गड्ड्या होतात. बांधणीकार अशा गड्डीला जुज किंवा फर्मा म्हणतात. एका जुजाची 16 पानं, म्हणजे वहीची एकंदर 128 पानं झाली. इथे पान म्हणजे लिहिण्याची एक बाजू. घडीवर चमच्याची पाठ किंवा लाकडी पट्टीची कड जोराने फिरवा, नाहीतर शिवल्यावर कणा फुगतो.

भोकांसाठी जाड कागदाची पट्टी 148 मिलिमीटर लांब कापून तिच्यावर 12, 44, 57, 91, 104 आणि 136 मिलिमीटरवर खुणा करा. टोकाची दोन भोकं गाठींसाठी, मधल्या दोन जोड्या फितींसाठी. जुज उघडून एखाद्या जाड पुस्तकाच्या अर्धवट उघडलेल्या दोन पानांच्या खोबणीत ठेवायचं, पट्टी घडीवर लावायची आणि टोच्या आतून बाहेर घालायचा. हातोडी लागत नाही, म्हणून रात्रीही खालच्या घराला पत्ता लागत नाही.

शिवण हा या कामाचा गाभा आहे आणि तिथे घाई करू नये. नऊ-नऊ सेंटिमीटरच्या दोन फिती टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने उभ्या लावा. पहिलं जुज कणा कडेला येईल असं ठेवा. आठ जुजांना साधारण दीड मीटर दोरा पुरतो. सुई पहिल्या भोकातून बाहेरून आत घाला, दोऱ्याचं टोक वीतभर बाहेर सोडा. दुसऱ्या भोकातून बाहेर या, फितीवरून जा, तिसऱ्यातून आत. चौथ्यातून बाहेर, दुसऱ्या फितीवरून, पाचव्यातून आत, सहाव्यातून बाहेर. आता दुसरं जुज वर ठेवून त्याच बाजूच्या भोकातून आत शिरा आणि तसंच परत या. सुरुवातीच्या टोकापाशी पोचलात की सोडलेल्या दोऱ्याशी पक्की गाठ मारा. तिसरं जुज याच बाजूने शिरून शिवत न्या. शेवटी बाहेर आल्यावर सुई थेट वरच्या जुजात न घालता खालच्या दोन जुजांना जोडणाऱ्या टाक्यामागून काढा. दोऱ्याचा फास होईल, त्यातून सुई ओवून ओढा. तिसऱ्या जुजापासून पुढे दर टोकाला हाच टाका येतो. सगळी जुजं एकमेकांना धरून राहतात ती या टाक्याने.

दोरा ओढताना नेहमी कण्याच्या रेषेत ओढा, ज्या दिशेने पुढचा टाका जाणार त्या दिशेला. कण्यापासून आपल्याकडे, काटकोनात ओढला तर तो सुरीसारखा कागद चिरतो आणि भोकांच्या जागी फटी पडतात. ताण किती असावा, हे दोन-तीन वह्यांनंतर बोटांना कळतं.

शिवून झालं की पहिल्या आणि शेवटच्या जुजाला घडीच्या कडेने तीन मिलिमीटर फेविकॉल लावून दुमडलेला एकेक जाडसर कागद चिकटवा. हे अस्तर, म्हणजे वहीला पुठ्ठ्याशी जोडणारं पान. मग पानांच्या कडा जमवून वही दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरा आणि कण्यावर फेविकॉलचा पातळ थर द्या. त्यावर मलमलीची पट्टी दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर बाहेर राहील अशी बसवा. रात्रभर वाळू द्या. कडा किंचित खालीवर राहतात; मला त्या तशाच आवडतात. अगदी सरळ हव्या असतील, तर गल्लीतल्या बाइंडरकडे न्या. त्याचं कटिंग मशीन ते काम एका मिनिटात करतं.

पुठ्ठ्याचं माप असं. उंची पानापेक्षा सहा मिलिमीटर जास्त, म्हणजे वर-खाली तीन-तीन मिलिमीटर बाहेर राहतात. रुंदी पानापेक्षा दोन मिलिमीटर कमी. कण्याची पट्टी वहीच्या जाडीत दोन पुठ्ठ्यांची जाडी मिळवून येईल तेवढी रुंद. पुठ्ठा आणि ही पट्टी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना सात-सात मिलिमीटर जागा सोडा. तिथे फक्त कापड राहतं आणि पुठ्ठा तिथेच वळतो. कापड चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर जास्त घ्या. कोपरे तिरके कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून तीन मिलिमीटर राखा, नाहीतर दुमडल्यावर टोक उघडं पडतं.

कापड घरातलंच घ्या. जुन्या सुती साडीचा पदर किंवा खणाचा उरलेला तुकडा. मात्र नुसत्या कापडातून गोंद वर येऊन डाग पडतात, म्हणून आधी मागून पातळ कागद खळीने चिकटवावा लागतो. एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी. आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर सतत ढवळायचं. साधारण 60 अंशांच्या पुढे पिठातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि पांढरं पाणी घट्ट, अर्धपारदर्शक होतं. गार झाल्यावर गाळणीतून दाबून काढायची. पूर्वी बाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विष आहे, स्वयंपाकघराच्या जवळही आणू नका. लागेल तेवढीच खळ करा आणि फ्रिजमध्ये ठेवली तरी तीन-चार दिवसांत संपवा. खळ लावलेलं कापड आणि कागद खिडकीच्या काचेवर चापून बसवले की ते सपाट वाळतात.

शेवटचं काम वही पुठ्ठ्यात बसवण्याचं. फीत आणि मलमल अस्तरावर चिकटवा. अस्तराखाली मेणकागद सरकवून अस्तरावर गोंद लावा, मेणकागद काढा, पुठ्ठा मिटवा आणि उघडून पाहण्याचा मोह आवरा. दुसरी बाजूही तशीच. मग दोन्ही अस्तरांमध्ये कोरडे मेणकागद घालून वही शब्दकोशांच्या गठ्ठ्याखाली किंवा पाट्याखाली ठेवा. वजनाचं काम इथे मोठं आहे. बाहेरचं कापड वाळताना आक्रसतं आणि पुठ्ठ्याला बाहेर ओढतं. आतलं अस्तर वाळताना त्याला आत ओढतं. दोन्ही ओढी जुळेपर्यंत पुठ्ठा सपाट धरून ठेवावा लागतो. कोरड्या हवेत एक रात्र पुरते, पावसाळ्यात दोन दिवस द्या. पंख्याखाली वाळवू नका. एक बाजू आधी सुकते आणि पुठ्ठा वाकतो.

या कामाचा घराला लगेच उपयोग होतो. 1909 साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत अंक साठत आले आहेत. त्यांतल्या पातळ अंकांच्या पिना दमट हवेत गंजतात आणि मधली पानं खातात. पीन अलगद उघडून काढा आणि त्याच भोकांतून मेणाचा दोरा ओवून बाहेर गाठ मारा. दहा मिनिटांचं काम, आणि शिकायला याहून चांगला धडा नाही. पानं गळायला लागलेलं, नुसतं गोंदाने चिकटवलेलं पेपरबॅक असेल, तर जुना गोंद खरवडून पानं एकत्र जमवा आणि घट्ट धरा. ती एका बाजूला पंख्यासारखी कलवून कण्यावर फेविकॉलचा पातळ हात फिरवा, मग दुसऱ्या बाजूला कलवून पुन्हा. प्रत्येक पानाच्या कडेला केसभर गोंद लागतो आणि पुस्तक पुन्हा धरतं.

आजोबांची ज्ञानेश्वरी किंवा आईच्या हस्ताक्षरातली पाककृतींची वही मात्र पहिल्या पाच-सहा वह्या हातून होईपर्यंत बाजूला ठेवा. फाटलं म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. फेविकॉलही नको, कारण तो वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. खळ सुटते, म्हणून जुन्या पुस्तकांना खळच बरी. पण शाईने लिहिलेल्या पानाला खळीचा ओलावासुद्धा चालत नाही, अक्षरं पसरतात. अशी वही तशीच स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि जुन्या कागदाचं संवर्धन जाणणाऱ्या माणसालाच दाखवा.