आमसुलं वाळलीच नाहीत!

मे महिन्यात गावाला गेलात की तुमच्या फोनमध्ये काय काय येतं, सांगू? लाल मातीचा रस्ता, कौलारू घर, अंगणात वाळत घातलेली आमसुलं आणि चुलीपुढे बसलेली आजी. वर एखादं गाणं टाकलं की रील तयार. खाली कमेंटही ठरलेली : 'मलापण रिटायर होऊन असंच जगायचंय यार!' दोन वर्षांपूर्वी माझ्या रीलखाली अशा बऱ्याच कमेंट आल्या होत्या. यंदा मी रील केलंच नाही. यंदा अंगणात काही वाळत घालायला ऊनच नव्हतं.

माझे आजी-आजोबा गुहागर तालुक्यातल्या एका गावात राहतात. आजोबा मुंबईत पोस्टात होते, आजी महापालिकेच्या शाळेत बाई. दोघंही रिटायर झाल्यावर ठाण्याचं घर बाबांकडे सोपवून ती गावी गेली, त्याला बारा वर्षं झाली. आता आजोबा पंचाहत्तरचे, आजी सत्तरची. घर, घरामागची परसबाग, एकवीस माड, कोकमाची पाच झाडं, एक जुना रायवळ आंबा आणि दोन फणस, एवढा त्यांचा संसार. ऐकायला मस्त वाटतं ना? मलाही वाटायचं.

मी दरवर्षी मेमध्ये जाते. आंबे खाते, दुपारी झोपते, संध्याकाळी समुद्रावर जाते आणि निघताना डबे भरून घेऊन येते. आमसुलं, आंब्याची साठं, फणसाची साठं, पोह्याचे पापड. ठाण्यात आमच्याकडे वर्षभर सोलकढी होते ती त्यातल्याच एका डब्यावर. हे डबे भरतात कसे, याचा विचार मी कधी केला नव्हता. तुम्ही केलाय?

आगोट

कोकणात एक शब्द आहे, 'आगोट'. पाऊस सुरू होण्याचे दिवस. आगोटीच्या आधी घराची आणि पोटाची सगळी तयारी झालेली असावी लागते. लाकडं पडवीत रचायची, कौलं परतायची, फुटलेली बदलायची, झावळ्यांचे झाप विणून ठेवायचे, मीठ-मिरची-मसाला भरून ठेवायचा. आणि जे जे उन्हात वाळवायचं ते वाळवून डब्यात घालायचं. या सगळ्याला 'पावसाळ्याची बेगमी' म्हणतात. पुस्तकात वाचलेला हा शब्द यंदा मला पहिल्यांदा नीट कळला.

आता बेगमीचं गणित बघा. कोकमं पिकतात एप्रिल-मेमध्ये. आमसुलं करायची तर कोकम फोडून साल वेगळी काढायची, आतल्या गरात मीठ घालून त्या रसात साल बुडवायची आणि उन्हात टाकायची. वाळली की पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. असं पाच-सात वेळा. प्रत्येक खेपेला कडक ऊन हवं. साठांचंही तेच. ताटाला तूप लावून आंब्याचा रस पसरायचा, वाळला की त्यावर दुसरा थर. म्हणजे फळ पिकल्यापासून पाऊस येईपर्यंतचे जेमतेम तीन-चार आठवडे हातात असतात. आजीच्या डोक्यात त्याचं पक्कं वेळापत्रक आहे. रोहिणी नक्षत्र लागतं २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला. वळवाची एखादी सर येऊन जाते, पण मिरगापर्यंत ऊन मिळतं, या हिशोबावर ती बारा वर्षं चालली होती. तिच्या सासूची अख्खी हयात त्यावर चालली.

२०२५च्या मेने हे गणितच मोडलं. केरळात मान्सून यायची नेहमीची तारीख १ जून. यंदा तो २४ मेला आला. २५ मेला महाराष्ट्रात आणि २६ मेला थेट मुंबईत, जिथे तो साधारण ११ जूनला येतो. मुंबईत कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा १९१८चा विक्रम मोडला, हे तुम्ही वाचलं असेल. पण आमच्याकडे खरी गडबड त्याच्याही आधी झाली. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. मान्सून यायच्या आधीच तीन-चार दिवस पाऊस धो धो कोसळत होता. २४ मेला ते वादळी क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. आणि मी बरोबर त्याच आठवड्यात आजीकडे आंबे खायला गेले होते!

चार दिवस

मी पोचले तेव्हा आमसुलांचे दोन हात झाले होते. म्हणजे दोनदा बुडवून वाळवली होती. पाऊस सुरू झाला तसं आम्ही सगळं पडवीत ओढलं. दुसऱ्या दिवशी सालींवर पांढरी बुरशी दिसायला लागली. आजीने एक साल उचलून नाकाशी नेली, काही न बोलता परत ठेवली आणि सगळं पातेलं माडाच्या आळ्यात ओतायला सांगितलं. मी म्हटलं, "अगं, पुसून घेऊ की." ती म्हणाली, "बुरशीचं वर्षभर खाणार काय गो?"

रायवळ आंबा पावसाने खाली पडत होता. पडलेल्या फळात फळमाशीच्या अळ्या. पडवीत रचायची लाकडं अजून बाहेरच होती, ती भिजली. वाडीत कुणाचा पेंढा भिजला. ज्यांनी भाताचं बी कोरड्या मातीत पेरायचं, म्हणजे धूळवाफेवर टाकायचं ठरवलं होतं त्यांची पेरणीच राहिली, कारण कोरडी माती उरलीच नाही. आणि आमची कौलं परतायला जो गडी येणार होता, तो २५ तारखेला येणार होता.

तिसऱ्या रात्री वीज नव्हती. फोन बंद. माजघरात चार ठिकाणी गळत होतं आणि आम्ही पातेली लावत फिरत होतो. मध्येच मला जाग आली तर आजोबा जागेवर नाहीत. मागच्या दारी बॅटरीचा उजेड दिसला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस भर पावसात शिडीवर चढून कौलांवर प्लॅस्टिक टाकत होता. मी ओरडले. ते उतरताना शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरले. चिऱ्याच्या पायरीवर हात टेकला म्हणून वाचले. मनगट सुजलं, बाकी काही झालं नाही. पण त्या दोन सेकंदांत माझ्या पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. डॉक्टर दहा किलोमीटरवर, फोन बंद आणि मला स्कूटर चालवता येत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

दोन दिवसांनी रेंज आली आणि बाबांना सगळं कळलं. फोन स्पीकरवर होता.

"आई, पुरे झालं आता. दोघं ठाण्याला या. पावसाळा संपला की बघू."

"आणि इथलं कोण बघणार?"

"काय बघायचंय तिथे? चार माड?"

"चार नाहीत, एकवीस आहेत," पाठीमागून आजोबा म्हणाले.

मला हसू आलं. बाबांना आलं नाही. आणि खरं सांगू, बाबांचं चुकत नव्हतं. त्या रात्री मी तिथे नसते तर? पण आजीचंही चुकत नव्हतं. पावसाळ्यात चार महिने बंद राहिलेलं कौलारू घर पुढच्या मेमध्ये कसं दिसतं, हे आमच्याच वाडीत चार घरं पलीकडे जाऊन बघता येतं. एकदा ठाण्याला गेलं की परत येणं होत नाही, हे तिला माहीत होतं. फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "हात कमी पडले गो यंदा. दरवर्षी आमच्या वेगाने होतं. यंदा पावसाचा वेग जास्त."

उन्हाशिवाय जे होतं ते

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने पदर खोचला. झाडावर उरलेली कोकमं काढायला मला पाठवलं. आमसुलं होणार नव्हती, पण आगळ होणार होतं. कोकमाच्या साली आणि भरपूर मीठ बरणीत घालून ठेवायचं, रोज ढवळायचं, हळूहळू लालभडक रस सुटतो. त्याला उन्हाची गरज नाही. ते झालं आगळ. सोलकढी त्याचीही उत्तम होते.

साठं होणार नव्हती, म्हणून जे आंबे चांगले निघाले त्यांचा रस गॅसवर आटवायला घेतला. मी अडीच तास ढवळत बसले. हात अक्षरशः गळून गेला, दोन ठिकाणी चटके बसले आणि एवढ्या मोठ्या पातेल्यातून शेवटी एक छोटी बरणी भरली. बरक्या फणसाचे गरे सांदणांत गेले. आठळ्या धुऊन, वाळूत पुरून कोपऱ्यात ठेवल्या. त्या पावसाळ्यात भाजीत पडतील.

परसबागेत आजोबांनी घाईघाईने भेंडी आणि काकडी टोचली होती, ते बी कुजलं. आजोबा म्हणाले, "माती वाफशावर आल्याशिवाय बी टाकायचं नसतं. मलाच धीर निघाला नाही." वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताचं असणं. मूठभर माती दाबली की गोळा होतो आणि बोटाने टोचला की फुटतो. आमच्या मातीतून तर पाणी ठिबकत होतं. मग आम्ही नारळाच्या करवंट्यांना खाली भोकं पाडली, सुकी माती चुलीशेजारी मिळाली ती भरली आणि पडवळ, दोडकी, काकडी पडवीतच लावली. बावीस करवंट्या. सहाव्या दिवशी पहिला कोंब दिसला. मी निघाले तेव्हा अठरा उगवल्या होत्या.

पावसाने काही दिलंसुद्धा, नाही असं नाही. टाकळा एरवी जूनमध्ये मिळतो, तो मे संपायच्या आत परड्यात उगवला. संध्याकाळी झाडांवर काजवे. बेडकांनी झोपू दिलं नाही. पण हे सगळं बघताना आता मला माहीत होतं, की माजघरात पातेली लावलेली आहेत.

मग ठरलं काय?

आजी-आजोबा ठाण्याला आलेले नाहीत. पण आधीसारखंही काही राहिलेलं नाही. बाबा आणि काकांनी मिळून ठरवलं, की कौलं आणि लाकडं ही दोन कामं यापुढे एप्रिलमध्येच उरकायची आणि त्या वेळी घरातल्या एकाने तरी तिथे असायचं. आजोबांनी शिडीला हात लावायचा नाही. (त्यांनी मान डोलावली आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते बघू.) शेजारच्या काकींकडे आमच्या सगळ्यांचे नंबर भिंतीवर लिहिलेले आहेत. बांबू आणि पारदर्शक प्लॅस्टिकचा वाळवणीचा मांडव घालायचं काम माझ्याकडे आहे. मी स्कूटर शिकतेय.

आणि आजोबांनी कोकमाची दोन कलमं आणली आहेत, 'कोकण अमृता' जातीची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ही जात काढली. हिची फळं लवकर तयार होतात, म्हणजे पावसाच्या तावडीतून सुटतात. बी लावून कोकम उगवलं तर झाड नर की मादी हे कळायलाच सात-आठ वर्षं जातात, म्हणून कलम. तरी फळ धरायला पाच-सहा वर्षं लागणारच. मी बोटं मोजत होते ते आजोबांनी पाहिलं. म्हणाले, "मोजतेस काय? फावडं घे. खड्डा तू खणायचास." खणला. दोन्ही तळहातांना फोड आले.

आता तुम्हाला सांगायचंय ते एवढंच. तुमचेही कुणीतरी गावात असतील. आजी-आजोबा, आत्या, मामा-मामी. कोकणात नसतील तर देशावर, विदर्भात असतील. तिथे आमसुलांऐवजी कुरडया, सांडगे, पापड असतील. पण ऊन तेच लागतं. ऊन कमी मिळालं की तेच काम कमी दिवसांत उरकावं लागतं आणि त्यांचे हात तर दरवर्षी थोडे थकतच जाणार आहेत. आपण जातो ते डबे भरून झाल्यावर.

तेव्हा पुढच्या सुट्टीचं तिकीट काढायच्या आधी एक फोन करा. 'कधी येऊ?' असं विचारू नका. त्याला 'कधीही ये' हेच उत्तर मिळतं. 'कुठलं काम कधी असतं?' असं विचारा. कौलं कधी, लाकडं कधी, वाळवण कधी, लावणी कधी. वहीत तारखा लिहून घ्या. परीक्षेमुळे सगळ्याला जमणार नाही, पण एका कामाला जमेल. जोडून सुट्टी आली तर दोनाला.

मी निघाले तेव्हा आजीने डबे दिले. आमसुलांचा डबा गेल्या वर्षीच्या उरलेल्यांचा होता, अर्धाही भरलेला नव्हता. "पुरवून वापर," ती म्हणाली. मग आगळाची बाटली पिशवीत ठेवली आणि दोनदा झाकण घट्ट केलं.

काल तिचा फोन आला होता. पडवळाचा वेल मांडवावर चढलाय. अठरापैकी अकरा रोपं जगली. शिडी कुठे आहे ते मी आधी विचारलं.