आजोबांच्या आईचं नाव

उन्हाळ्याच्या सुट्टीत भिलाईला घरी गेलो तेव्हा बैठकीच्या खोलीत नवी फ्रेम लागलेली होती. नागपूरच्या काकांनी तयार करून पाठवलेली आमची वंशावळ. सात पिढ्या, बेचाळीस नावं. मी सगळी वाचली. त्यात एकाही बाईचं नाव नव्हतं. पणजोबांच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत फक्त 'दोन विवाह' असं लिहिलं होतं.

आजोबा पहिल्या पत्नीचे. ते तीन वर्षांचे असताना, १९५६ साली, त्यांची आई गेली. पणजोबांनी दुसरं लग्न केलं आणि १९५८ मध्ये सगळ्यांना घेऊन ते भिलाईला पोलाद कारखान्याच्या कामावर आले. दुसऱ्या पणजीने आजोबांना इतकं आपलं मानलं की आधीच्या आईचा विषय घरात कधी निघालाच नाही. तिचा फोटो नाही. कारखान्याच्या कागदांवरही आजोबांनी आई म्हणून दुसऱ्या पणजीचंच नाव लिहिलं. मी त्यांना पहिल्या आईचं नाव विचारलं. ते थोडा वेळ फ्रेमकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माहीत नाही रे."

आजोबा बहात्तर वर्षांचे आहेत. मला त्यानंतर दुसरं काही सुचेना, म्हणून सुट्टीतला सगळा वेळ मी या एका नावामागे घालवला. कोणाला आपल्या घरातलं एखादं माणूस असं शोधायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट मला उशिरा कळली. आपली वंशावळ पूर्ण व्हावी म्हणून कोणी कागद लिहीत नाही. प्रत्येक नोंदीमागे लिहिणाऱ्याचं काहीतरी काम असतं. म्हणून 'हिची माहिती कुठे मिळेल' असं विचारण्यापेक्षा 'हिचं नाव लिहायची गरज कोणाला पडली असेल' असं विचारायचं. पुरुषाचं नाव शाळा, जमीन, नोकरी अशा दहा ठिकाणी पडतं. त्या काळच्या, शाळेत न गेलेल्या बाईच्या बाबतीत त्या जागा फार थोड्या.

दुसरी अडचण नकाशाची. १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंत भंडारा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशात राहिला. म्हणजे पणजोबा भिलाईला आले तेव्हा त्यांनी जी राज्याची सीमा ओलांडली, ती दोन वर्षांपूर्वी नव्हतीच. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला आणि २००० मध्ये छत्तीसगड. आमचं मूळ गाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे, म्हणून मी आधी गोंदिया आणि मग भंडारा असं दोन्हीकडे विचारलं. जुना कागद शोधताना गाव आज कुठे आहे यापेक्षा त्या वर्षी कुठे होतं हे आधी लिहून काढावं.

विदर्भात गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवत असे. त्याला कोतवाल बुक म्हणतात आणि तहसील कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. आम्हाला आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. तारीख होती, पणजोबांचं नाव होतं, आणि पुढे 'मुलगा'. बस्स. ज्या नोंदीत आई असायलाच हवी असं मला वाटत होतं, तिथेही ती नव्हती. जुन्या नोंदी बहुतेक अशाच असतात. बाळाचंही नाव नसतं, कारण नोंद करताना ते ठेवलेलंच नसे.

मग कागद बाजूला ठेवून आम्ही गावातल्या आत्याआजींकडे गेलो. त्या आजोबांच्या चुलत बहीण, वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांनाही नाव आठवेना, पण त्या म्हणाल्या, "आम्ही तिला साकोलीवालीच म्हणायचो." आमच्या भागात सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. भिलाईत आमच्या छत्तीसगडी शेजारणीही तसंच करतात, रायपूरची असेल तर 'रइपुरहिन'. मला आधी वाईट वाटलं की बाईचं नावच पुसून टाकायची ही पद्धत. पण त्याच पद्धतीने आम्हाला तिच्या माहेरची दिशा मिळाली. तिचा भाऊ भाऊबीजेला बैलगाडीने येत असे हे आत्याआजींना आठवत होतं, आणि त्याचं आडनावही.

साकोलीजवळच्या त्या गावात पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आमचं म्हणणं ऐकून पहिला प्रश्न विचारला, "जमिनीसाठी आलात का?" आजोबा म्हणाले, "नाही. आईचं नाव विचारायला आलो." त्यानंतर चहा आला. जुने कागद मागणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. त्यांचं चुकतं असंही नाही. आपण कशासाठी आलो ते आधीच सांगावं.

नाव मात्र शेवटी जमिनीच्याच कागदावर सापडलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलीला वारस केलं, आणि मुलगी वडिलांच्या आधी वारली असेल तर तिच्या मुलांनाही. आजोबांचे आईकडचे आजोबा १९६८ मध्ये वारले. पटवाऱ्याने फेरफारात वारस लिहिले. तीन मुलगे, आणि चौथ्या ओळीत 'मयत मुलगी', तिचं नाव, 'हिचा मुलगा', आणि पुढे आजोबांचं नाव. त्याच्यापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून पणजोबांचं. आजोबा तेव्हा पंधरा वर्षांचे होते, आज मी आहे तेवढे. भिलाईत शाळेत जात होते आणि साकोलीकडे त्यांचं आणि त्यांच्या आईचं नाव एका ओळीत लिहिलं जात होतं.

मॅप रीडिंगमध्ये आपण बॅक बेअरिंग एकाच खुणेवरून घेऊन थांबत नाही. इथेही तेच केलं. आत्याआजींनी सांगितलेलं गाव, भावाचं आडनाव आणि फेरफारातलं पणजोबांचं नाव, तिन्ही रेघा एकाच ठिकाणी मिळाल्या तेव्हाच आजोबांनी मान हलवली.

पणजोबा फौजेत असते तर काम सोपं झालं असतं. सैनिकाच्या कागदपत्रांत जवळच्या नातेवाइकांची नावं असतात, पेन्शनसाठी ती लागतातच. ज्यांच्या घरी जुना फौजी आहे त्यांनी डिस्चार्ज बुक शोधावं आणि त्यावरचा सैनिक क्रमांक आधी टिपून घ्यावा. मराठा लाइट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं सागरला. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे आहेत. इराकमधलं बसरा, इटलीतलं कासिनो अशा स्मारकांच्या यादीत बऱ्याच भारतीय जवानांच्या नावापुढे वडिलांचं, पत्नीचं आणि गावाचंही नाव दिलेलं असतं. गाव सोडून कधी बाहेर न गेलेल्या बाईचं नाव असं इटलीच्या यादीत सापडू शकतं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव येतं. त्यांच्या नातवंडांना माझ्यासारखं फिरावं लागणार नाही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. आजोबा म्हणाले, ते घरात राहू दे. काकांना फोन करून आम्ही फ्रेम मागून उघडली. आजोबांनी आधी कोऱ्या कागदावर दोनदा लिहून बघितलं आणि मग चौकटीखाली शाईच्या पेनने लिहिलं. काकांनी आता घरातल्या सगळ्या बायकांची नावं मागवली आहेत. आई यादी करते आहे. चौथ्या पिढीवर ती अडली आहे.