प्रवाळटाकीचा पहारेकरी

भूलतज्ज्ञाचे काम म्हणजे दुसऱ्याच्या निद्रेत आपण जागे राहण्याचे काम. पडद्यावर नजर असावी, पण बोट रुग्णाच्या नाडीवरून हलू नये, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो. घरच्या दिवाणखान्यातील तीनशे लिटर खाऱ्या पाण्याच्या टाकीबाबत मात्र तोच धडा मी स्वतः विसरलो.

जानेवारीतील एका पहाटे सौ.ने मला हलवून उठवले. "अहो, जरा टाकीपाशी चला. काच हाताला ऊन लागते आहे." पाण्याचे तापमान ३४ अंश सेल्सियस झाले होते; आदल्या रात्री ते २६ होते. विदूषक माशांच्या जोडीपैकी एक तळाशी निश्चल पडला होता आणि दुसरा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होता. सात वर्षे ती जोडी आमच्या घरात होती. मऊ प्रवाळांनी अंग आक्रसून घेतले होते. नियंत्रकाच्या पडद्यावर हीटरपुढे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते: 'बंद'. त्याने पाठवलेला धोक्याचा निरोप माझ्या मोबाइलवर आला तो सकाळी साडेसातला. रात्रभर घरातले इंटरनेट खंडित होते.

हा छंद मला जडला तो कच्छच्या आखातात. बडोद्याहून आम्ही काही मंडळी जामनगरजवळच्या नरारा येथे गेलो होतो. ओहोटीच्या वेळी तेथे प्रवाळभित्तीवरून चालत जाता येते. गुडघाभर पाण्यात ते जिवंत रंग पाहिले आणि मनाने घेतले. मात्र एक गोष्ट आरंभीच सांगणे आवश्यक आहे. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत झाला. समुद्रातून त्यांचा तुकडाही उचलणे गुन्हा आहे. माझ्या टाकीत आहेत ती केवळ मऊ प्रवाळे. त्यांना दगडी सांगाडा नसतो.

मऊ असली तरी ही प्रवाळे सोशीक नव्हेत. त्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल वस्ती करून असते आणि प्रकाशाच्या साहाय्याने यजमानाला अन्न पुरवते. पाणी काही काळ अतिउष्ण राहिले, की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. शिवाय पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. म्हणूनच तापमान २५ ते २७ अंश, क्षारता हजारी ३५ भाग आणि सामू ८ च्या आसपास राखावा लागतो. आपल्या शरीराचे अंतर्गत पर्यावरण मूत्रपिंडे आणि फुप्फुसे सांभाळतात. घरातल्या टाकीला हे अवयव नसतात. म्हणून माणूस नियंत्रक आणतो. तो तापमान मोजून हीटर व चिलर चालू-बंद करतो, बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरतो, दिवे आणि पंप वेळेवर चालवतो.

माझा पहिला नियंत्रक मी निवडला तो त्याच्या गुणांची यादी वाचून. किती संवेदक जोडता येतात, आलेख किती सुबक येतो, मोबाइलवर काय काय दिसते! अपघातानंतर आमच्या रुग्णालयाच्या उपकरण विभागातील एका अनुभवी अभियंत्याला मी तो उघडून दाखवला. त्याने रिलेकडे बोट दाखवले. आतले दोन धातूचे संपर्क ठिणग्यांनी एकमेकांस चिकटून गेले होते. नियंत्रकाने 'बंद'ची आज्ञा दिली होती, आणि आज्ञा दिली म्हणजे ती पाळली गेली असे गृहीत धरून तसे लिहूनही टाकले होते. तो गृहस्थ म्हणाला, "साहेब, हे यंत्र काय काय करते ते तुम्ही पाहिलेत. बिघडल्यावर काय करते ते विचारलेच नाहीत."

माझा दोषही लहान नव्हता. 'थोडा मोठाच बरा' म्हणून मी पाचशे वॉटचा एकच हीटर बसवला होता. दोन तापमान-नियंत्रकांचे भांडण नको, म्हणून हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅटही शेवटच्या टोकाला फिरवून ठेवला होता. हिशेब साधा आहे. तीनशे लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास पाचशे वॉटच्या हीटरला, उष्णतेची गळती सोडल्यास, सुमारे ४२ मिनिटे लागतात. रात्रीचे आठ तास त्याला पुरेसे होते. त्याऐवजी दीडशे वॉटचे दोन हीटर असते आणि त्यांतील एक अडकला असता, तर प्रत्येक अंशास सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागला असता. हिवाळ्याच्या रात्री गळतीमुळे पाणी फारसे तापलेही नसते.

दुसऱ्यांदा निवड करताना मी गुणांची यादी बाजूला ठेवली आणि विक्रेत्यांना चारच प्रश्न विचारले. पहिला: मुख्य घटकाशी संपर्क तुटला, तर प्रत्येक सॉकेटने चालू राहायचे की बंद व्हायचे, हे आधी ठरवून ठेवता येते का? हीटर बंदच व्हावा. पाणी फिरवणारा पंप मात्र चालूच राहावा, कारण प्राणवायू त्याच्यावर अवलंबून असतो. दुसरा: इंटरनेट नसताना सर्व कार्यक्रम यंत्रातूनच चालतात का, आणि त्याचा भोंगा घरात वाजतो का? तिसरा: सॉकेटमधून प्रत्यक्षात वाहणारा प्रवाह यंत्र मोजते का, की केवळ दिलेली आज्ञाच दाखवते? चौथा: ते आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ विजेवर चालते का?

अमेरिकेतील नेपच्यून कंपनीचा ॲपेक्स या छंदात सर्वपरिचित आहे. संपर्क तुटल्यावरची स्थिती त्यात 'फॉलबॅक' या नावाने ठरवता येते. परंतु अमेरिकन बाजारासाठीच्या विद्युतपट्ट्या १२० व्होल्टच्या असतात. नातेवाइकांकरवी तिकडून मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जर्मनीतील जीएचएल कंपनीचा प्रोफिलक्स युरोपातील विजेसाठी बनतो आणि ती वीज आपल्यासारखीच असते. ज्यांना सोल्डरिंगची हौस आहे, त्यांच्यासाठी रास्पबेरी पाय या लहान संगणकावर चालणारी रीफ-पाय ही मुक्त प्रणालीही उपलब्ध आहे. मी प्रोफिलक्स घेतला. प्लगच्या पिना बदलून घेतल्या आणि अर्थिंग तपासून घेतले.

पण यंत्र बदलल्याने रिले अमर होत नाही. म्हणून नियंत्रकाच्या सॉकेटला एक स्वस्त, स्वतंत्र थर्मोस्टॅट लावला आणि त्यातून दोन लहान हीटर जोडले. नियंत्रक २६ अंशांवर थांबवतो. तो चुकला तर थर्मोस्टॅट २७ वर थांबवतो. हीटर चिकटला, तर या दोघांपैकी एकजण तरी सुटा असावा, एवढाच त्यामागील विचार. चिलर २७.५ ला सुरू होतो, म्हणजे दोघे एकमेकांविरुद्ध झुंजत नाहीत. गोड्या पाण्याच्या साठ्यात एका वेळी दहा लिटरच भरतो. भरणारा पंप अडकून सगळे पाणी टाकीत गेले, तरी क्षारता ३५ वरून ३४ च्या खाली किंचितच जाईल. बालरुग्णाला सलाइन देताना आपण ब्युरेट सेट वापरतो, तेच हे तत्त्व.

सामूच्या प्रोबवर मात्र मी कोणतीही कृती सोपवलेली नाही. तो जुना होतो, भरकटतो आणि ७ व १० च्या द्रावणांत बुडवून त्याला वारंवार ताळ्यावर आणावे लागते. खिडक्या बंद असल्या की रात्री कार्बन डायऑक्साइड साचून सामू उतरतो. त्यावर औषध ओतायचे नसते. खिडकी उघडायची असते. धोक्याच्या सूचनाही मी दोनच ठेवल्या आहेत: तापमानाची आणि वीजपुरवठ्याची. सतत वाजणाऱ्या भोंग्याकडे कोणी लक्ष देत नाही, हे अतिदक्षता विभागात काम केलेल्यांना मी काय सांगावे!

एकटा उरलेला विदूषक मासा अजून आहे. पांढऱ्या पडलेल्या एका प्रवाळाला पूर्वीचा तपकिरी रंग येण्यास कित्येक महिने लागले. दुसरे सावरले नाही. नव्या नियंत्रकाचा पडदा टाकीच्या बाजूलाच आहे. तरी पहाटे उठल्यावर सौ. आधी काचेला हात लावते, आणि नंतर मीही लावतो.